समईतली देबीना

सांगायला लाज वाटते, पण चहा संपेपर्यंत ऐका.

बुधवार होता. सालवडच्या घरी मी मेथी निवडत बसलो होतो आणि कारखान्याच्या गेटवरून वॉचमनचा फोन आला. "साहब, ग्रीसवाले साहब का आदमी आपके नाम का खोका छोड़ गया है।"

ग्रीसवाला म्हणजे निकोस. तीन वर्षांपूर्वी तो आमच्या तारापूरच्या कारखान्यात मशीन बसवायला आला आणि इथल्या तिखटाने हैराण झाला. माझ्या बायकोने, शुभाने, त्याला दोन महिने कमी तिखटाचा डबा दिला. तो त्याच्या डोंगराळ गावाचं सांगायचा. तिथल्या मातीत देबीना नावाची द्राक्षं होतात, त्यांची वाइन करतात. "एकदा चाखा," म्हणायचा. शुभा म्हणायची, "तू आधी पोळी घे."

आमच्या घरात बाटली येणार नाही, हा तिचा पंचवीस वर्षांचा नियम. त्यामुळे खोक्यातून हिरवी बाटली निघाली तेव्हा वाइन माझ्या डोक्यातही आली नाही. ग्रीस म्हणजे ऑलिव्ह तेल, एवढंच मला ठाऊक. लेबलवरची लिपी काही वाचता येईना.

दुसऱ्याच दिवशी शुभाचं वर्षश्राद्ध होतं. म्हटलं, तिच्या समईत हेच तेल घालावं.

बूच निघता निघेना. वाटलं, शुद्ध असणार. पातळ निघालं, रिफाइंड असेल. बुडबुडे आले, म्हणजे ताजं. वास आंबूस होता, पण परदेशी तेलाला परदेशी वास यायचाच.

दिवा काही लागेना. पाच वाती झाल्या, अर्धी काडेपेटी संपली.

"भावजी, शुभा नाराज आहे," मेहुणी हळूच म्हणाली. "काही राहिलंय का तिचं?"

फोटोसमोर हात जोडून मी सगळं कबूल केलं. तुळस वाळली. तुझ्या मावशीला फोन केला नाही. बीपीची गोळी चुकते. दिवा ढिम्म.

घरकामाला येणारी जानीबाई लादी पुसत होती. उठली, समईत बोट बुडवून तिने वास घेतला.

"भाऊ, हे तेल नाय. दारू हाय."

मेहुणी पदराआड हसली की रडली, मला आजही सांगता येणार नाही.

"घाबरू नका," जानीबाई म्हणाली. "आमच्यात दारूचा पैला थेंब मेलेल्यालाच देतात." तिनेच समई अंगणात नेऊन जमिनीवर रिती केली, घासली आणि गोडं तेल घालून दिली. पहिल्या काडीला दिवा लागला.

निकोसची चिठ्ठी खोक्याच्या तळाशी होती, ती संध्याकाळी सापडली. 'ताईंची बातमी फार उशिरा कळली. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी थोडी वाइन मातीवर ओततात. तेवढी माझ्या वतीने ओता. उरलेली तुम्ही घ्या.'

म्हणजे त्याचं काम जानीबाईने चिठ्ठी न वाचताच केलं होतं. आणि जिने मला जन्मभर बाटलीपासून लांब ठेवलं, तिच्यासमोर मी पाच वाती भिजवून बसलो होतो.

चिठ्ठीच्या शेवटी त्याने विचारलंय, चव कशी वाटली. बाटली फ्रिजमध्ये आहे. उत्तर मी अजून लिहिलेलं नाही.