मृत्यूचे ठिकाण : इतर

टायपिंगवाल्या बाईंच्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते. एक नवा, चपळ, पण फारसा कामाचा नाही. दुसरा तेरा वर्षांचा, चालू केला की दमेकऱ्यासारखा घरघरणारा. सरकारी नोंदणीची वेबसाइट एकाच जुन्या ब्राउझरमध्ये उघडायची आणि तो ब्राउझर आता फक्त या म्हाताऱ्यावर उरला होता. त्यामुळे जन्म, लग्न, मृत्यू, काहीही नोंदवायचं असलं की माणसं बाईंच्या दारात. समोरच्या नोंदणी कार्यालयातल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवरही साइट उघडत नसे. तिथला कारकून खिडकीतून मान बाहेर काढून सांगायचा, "समोरच्या बाईंकडे जा." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

सुरुवातीला बाई चिडायच्या. तक्रार करायला बसल्या, तर तक्रारीचा फॉर्मही त्याच ब्राउझरमध्ये उघडायचा; म्हणजे लोकांच्या तक्रारीही त्यांनीच भरायच्या. मग त्यांनी नाद सोडला. साइट दहा मिनिटांनी आपोआप बंद पडायची. मृत्यूचा फॉर्म बाई सात मिनिटांत भरायच्या. समोरचा माणूस रडत असला तर साडेसात.

त्यांचा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. एका सकाळी बूट घालता घालता तो खाली बसला, तो उठलाच नाही. आठवड्याने बाईंनी दुकान उघडलं. सोबत धाकटी नणंद होती.

"वहिनी, दुसऱ्या कुणाकडून भरून घेऊ ना. तू कशाला?"

"दुसरं आहे कोण?" बाई म्हणाल्या आणि टाइप करू लागल्या.

नाव, वय, व्यवसाय. बोटं आपली आपण चालत होती. मग आलं, मृत्यूचे ठिकाण. घर, रुग्णालय, इतर. डॉक्टरच्या कागदावर होतं, 'आणण्यापूर्वी मृत'.

"अँब्युलन्समध्ये गेला ना दादा?" नणंद म्हणाली. "मी पुढे बसले होते, मला काही दिसलं नाही."

बाई मागे बसल्या होत्या, त्याचा पाय धरून. पुलावर पाय गरम होता. सिग्नलला थांबले तेव्हाही असावा. की घरीच, बुटाची नाडी हातात असताना? त्या आठवत राहिल्या. कॉम्प्युटरचा पडदा पांढरा झाला. वेळ संपली होती.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून भरलं. पुन्हा तिथेच थांबल्या. पुन्हा वेळ संपली. तिसऱ्यांदाही तेच.

एवढ्यात एक माणूस मुलीच्या जन्माची नोंद करायला आला. बाईंनी त्याचा फॉर्म सहा मिनिटांत भरला, कागद हातात दिला आणि सवयीने म्हणाल्या, "अभिनंदन." तो हसत गेला. नणंद त्यांच्याकडे बघत राहिली.

चौथ्या खेपेला बाईंनी 'इतर' निवडलं. 'तपशील'च्या रकान्यात लिहिलं, 'रस्त्यात'. फॉर्म गेला.

चार दिवसांनी त्या नणंदेला घेऊन दाखला आणायला समोर गेल्या. दाखल्यावर छापलं होतं, 'मृत्यूचे ठिकाण : इतर'. 'रस्त्यात' कुठेच नव्हतं.

"तपशील छापत नाही हो साइट," कारकून मान वर न करता म्हणाला. "दुरुस्ती हवी असेल तर फॉर्म—"

"माहीत आहे."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून त्याने वर पाहिलं, मग दाखल्यावरचं आडनाव वाचलं. तो खुर्चीतून उठला.

"बाई, मला कुणी सांगितलंच नाही. मला विचारायचं होतंत, मी काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतंत? माझ्याकडेच पाठवलं असतंत," बाई म्हणाल्या. टोमणा मारायचा म्हणून नाही; खरंच तसंच झालं असतं.

त्याने सहीचं रजिस्टर पुढे सरकवलं. बाईंनी सही केली, दाखला पिशवीत ठेवला.

बाहेर जिन्यावर नणंदेला रडू कोसळलं. "इतर काय गं वहिनी! माझा दादा काय इतर होता?"

बाईंनी तिची पर्स स्वतःकडे घेतली आणि तिचं रडणं ओसरेपर्यंत थांबल्या. आता आपल्यालाही रडू येईल, असं त्यांना वाटलं. आलं नाही. रस्त्यापलीकडे त्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक बाई बाळ घेऊन वाट बघत बसली होती.

"चल," त्या नणंदेला म्हणाल्या. "चहा घे आधी, मग जा घरी."