‘आमच्याविषयी’ हे पान

"ताई, एकच फोटो," मी म्हणालो.

वंदनाताई काउंटरमागे संत्र्याच्या केकवर जाळी ठेवत होत्या. त्यांनी वर न पाहताच मान हलवली. "केकचा काढा न भाऊ. माया थोबाडाचा काय करता?"

त्यांची मुलगी प्रांजली टेबलं पुसत होती. ती म्हणाली, "दादा, फोटो टाका. पण खाली पूर्ण नाव नका टाकू. नुसतं वंदनाताई लिहा."

"काऊन?" मी विचारलं.

"असंच."

त्या ‘असंच’पाशी मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

मी वेबसाइट बनवतो. काही वर्षं नागपुरात एका कंपनीत होतो. मग पांढुर्ण्याला परत आलो आणि वडिलांच्या कापड दुकानाच्या वरच्या खोलीत काम सुरू केलं. मंगल कार्यालयं, कोचिंग क्लास, संत्र्याचे व्यापारी असे माझे क्लायंट. कॅफे हा पहिलाच.

कॅफे सौंसरचा. वंदनाताईंनी एका होस्टेलच्या मेसमध्ये वीस वर्षं स्वयंपाक केला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि प्रांजलीने मिळून तो उघडला. जागा स्वच्छ, हवेशीर. कोपऱ्यात बुद्धाची लहान मूर्ती. हल्ली कुठल्याही कॅफेत ती असतेच, त्यामुळे तिच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने बघत नव्हतं. पदार्थ उत्तम. अडचण एकच होती. नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला आत वळावं लागायचं, आणि कोणी वळत नव्हतं. ओळखीचे चारदोन लोक येत. बाकी खुर्च्या रिकाम्या.

मी आधी जी साइट करून दिली ती दिसायला देखणी होती. उघडल्याबरोबर कॉफीच्या वाफेचा व्हिडिओ, वर इंग्रजीत एक गोड वाक्य. महिना गेला, तिच्यामुळे एक माणूस आला नाही.

प्रांजलीने फोन केला. "दादा, साइट छान आहे. पण लोक पाहून राहिले अन् निघून चालले."

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. सौंसरच्या बसस्टँडवर जाऊन बसलो. अनोळखी माणसांच्या हातात माझा मोबाइल द्यायचो आणि विचारायचो, तुम्ही गाडीने छिंदवाड्याला निघालात, भूक लागली आहे, हे पाहून इथे थांबाल का? आमच्या धंद्यात याला युजर टेस्टिंग म्हणतात. म्हणजे आपण गप्प बसायचं आणि समोरच्याचं बोट कुठे अडतं ते बघायचं.

एका माणसाने व्हिडिओ सुरू व्हायच्या आधीच मोबाइल परत केला. एका काकांना मेनूची अक्षरं दिसेनात. मुलीला घेऊन बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "बाथरूम आहे का तिथं? ते तर लिहिलंच नाही तुम्ही." मग त्यांनी विचारलं, "चालवते कोण? बाया असल्या तर आम्ही थांबू."

त्या बाईंनी मला अर्धी साइट सांगून टाकली. पहिल्यांदा येणाऱ्याला आपलं गोड वाक्य नको असतं. त्याला भीती असते. रस्ता चुकेल का, बंद असेल का, बाथरूम कसं असेल, आतले लोक कसे असतील. साइटने एवढ्याच भीतींना उत्तर द्यायचं.

मी व्हिडिओ काढून टाकला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, रस्त्यापासून दोन मिनिटं, गाडी लावायला जागा, बायकांसाठी वेगळं स्वच्छ बाथरूम, आज किती वाजेपर्यंत उघडं. खाली मेनू आणि नकाशाचं बटण. राहिलं ‘आमच्याविषयी’ हे पान. माणूस जेवायच्या आधी तिथे डोकावतो. तिथे चेहरा आणि पूर्ण नाव असलं की विश्वास बसतो, हे मला नागपुरात शिकवलं होतं आणि मी ते प्रत्येक क्लायंटला सांगत आलो होतो.

म्हणून फोटो. म्हणून पूर्ण नाव, आडनावासकट.

"प्रांजली, अर्धं नाव लिहिलं की लोकांना वाटते काहीतरी लपवून राहिले," मी म्हणालो.

तिने फडकं टेबलावर ठेवलं. "तुमचं आडनाव कोणी दोनदा विचारलं आहे का कधी, दादा?"

खरं उत्तर ‘नाही’ असंच होतं. आमचं दुकान, आमचं घर, आमचं नाव पांढुर्ण्यात सगळ्यांना माहीत. त्या नावामुळे माझं कधी काही अडलं नाही. तिचा प्रश्न मला कळला होता. तरी मी म्हणालो, "आता तसं काही राहिलं नाही."

वंदनाताईंनीच वाद मिटवला. पदर नीट केला, केक हातात घेतला. "काढा बाप्पा. तुम्ही शिकलेले."

फोटो सुंदर आला. मी तो पानावर लावला, खाली पूर्ण नाव आणि ‘वीस वर्षं होस्टेलच्या मुलींसाठी रांधलं, आता तुमच्यासाठी’ अशी ओळ.

साइट चालली. पुढच्याच आठवड्यात नागपूरची एक गाडी वळली, मग दुसरी. बायका आत येऊन वंदनाताईंना म्हणत, "तुमचाच फोटो आहे न साइटवर?" ताई लाजत. प्रांजलीने मला फोन करून सॉरी म्हटलं. मी मोठ्या मनाने माफ केल्यासारखं काहीतरी बोललो. आज ते आठवलं की कान गरम होतात.

त्यानंतर गावातली पहिली मोठी ऑर्डर आली. एक गृहस्थ कॅफेत येऊन केक खाऊन गेले होते. त्यांच्या मुलाच्या साखरपुड्याला चाळीस माणसांचा नाश्ता हवा होता. मी म्हटलं, याचे फोटो साइटवर हवेत. त्या दिवशी सकाळीच कॅमेरा घेऊन सौंसरला पोचलो.

साबुदाणा भिजलेला होता. वड्यांसाठी आलू उकडून सोललेले. केक दोन झाले होते, तिसरा ओव्हनमध्ये. वंदनाताईंनी नवं पातळ नेसलं होतं. फोन वाजला. ताईंचे हात पिठाचे म्हणून प्रांजलीने तो स्पीकरवर लावला.

"ताई, नाश्त्याचं राहू द्या," ते गृहस्थ म्हणाले. आवाज अगदी सौम्य.

"काऊन जी? सगळं होत आलं."

"घरच्यांनी काल तुमची साइट पाह्यली. मले काही नाही, मी तर खाऊन गेलो तुमच्या इथं. पण म्हातारी माणसं आहेत, पाव्हणे आहेत. तुम्ही समजून घ्या न."

"हो," वंदनाताई म्हणाल्या. "समजलं."

फोन बंद झाला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. प्रांजली म्हणाली, "दादा, तुम्ही राहू द्या."

ओव्हनची घंटी वाजली. ताईंनी केक बाहेर काढला आणि सुरी घालून शिजला का ते पाहिलं. मग साबुदाण्यात मीठ घातलं आणि वडे तळायला घेतले, चाळीस माणसांचे, जसे ठरले होते तसे. तळून झाल्यावर आम्ही ते डब्यांत भरून त्यांच्या जुन्या होस्टेलला नेले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ताई हसल्या.

घरी येऊन मी साइटची नोंद उघडली. कोणत्या पानावर लोक किती वेळ थांबले, हे तिथे दिसतं. माणूस कळत नाही, गाव अंदाजाने कळतं. लांबचे लोक ‘आमच्याविषयी’ वाचून नकाशाचं बटण दाबत होते. जवळपासच्या गावांतले बरेच लोक ते पान उघडत आणि तिथूनच साइट बंद करत. पहिल्या आठवड्यापासून असंच चाललं होतं. मी ते पाहिलं नव्हतं, कारण मी फक्त येणारे लोक मोजत होतो.

दोन दिवसांनी मी कॅफेत गेलो. म्हटलं, नावाचं तुम्ही सांगाल तसं करतो.

मला वाटलं होतं प्रांजली म्हणेल, काढा. ती उलट बोलली. "आता नाही काढायचं. ज्याले नाही खायचं त्याने खाऊ नये. आता काढलं तर ते खरे ठरतील."

"काढा भाऊ," वंदनाताई म्हणाल्या.

"आई!"

"मी वीस वर्षं रांधलं. ताटावर रांधणारीचं नाव नसते, म्हणून सगळ्यांच्या पोरींनी खाल्लं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "तुले भांडाचं आहे, भांड. मले दुकान चालवाचं आहे. फोटोही काढून टाका."

मी लॅपटॉप तिथेच टेबलावर उघडला. दोन क्लिक. फोटोच्या जागी केक आला आणि नावाच्या जागी ‘घरगुती चव’. त्या दोन शब्दांहून पोकळ काही मी आजवर लिहिलेलं नाही. प्रांजली उठून मागच्या दारी गेली आणि मी निघेपर्यंत आत आली नाही.

कॅफे चालू आहे. चांगला चालतो. गावातल्या ऑर्डरीही येतात. ताईंनी आता काउंटरवर मदतीला बाई ठेवली आहे आणि स्वतः बहुतेक आतच असतात. प्रांजलीने नागपुरात नोकरी धरली. माझ्या फोनला ती उत्तर देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मी नव्या क्लायंटकडून एक फॉर्म भरून घेतो. त्यात आता एक प्रश्न वाढवला आहे: साइटवर तुमचं नाव किती लिहायचं? उत्तर येईपर्यंत मी सल्ला देत नाही.

मागच्या महिन्यात पांढुर्ण्यातले एक हॉटेलवाले माझ्या खोलीवर आले. सौंसरच्या त्या कॅफेसारखी साइट हवी म्हणाले. "कोणाचा आहे तो कॅफे?"

"आहेत एक ताई," मी म्हणालो. "फार छान रांधतात."

"हो, पण कोण?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि मेनूचं पान दाखवायला लागलो.