बैलाचे हुलगे

“ढवळ्या बैल नांगर वढताना खाली बसला, आन् तुमी घाट चढून शीळ घालत आलासा! भात कसं लावायचं मी?” फुला नवऱ्यावर कडाडली.

येसाजी जोयड्याचा टपालवाला. रोज तीस किलोमीटर सायकल. पाय भरून येतात म्हणून त्याने बेळगावहून ताकदीच्या पावडरीचा डबा आणला होता.

“पावडरीची करामत हाय,” तो म्हणाला.

फुलाने डबा उघडला. महिना झाला तरी जेमतेम दोन चमचे पावडर कमी झालेली. मग तिला त्याच्या मिशीत हुलग्याची साल दिसली. नांगरून आलेल्या बैलासाठी ती रोज हुलगे शिजवायची.

“पावडरीनं पोट फुगतंय गं,” येसाजी पुटपुटला. “हुलग्यानं पाय हलके होत्यात.”

“उद्यापासून दुप्पट शिजवीन,” फुलाने घरादाराला सांगितलं. “ह्यांचं जेवण गोठ्यात.”