हळदीची डाळ

एरंडोलच्या शाळेत मी नुकतीच विज्ञान शिकवू लागले होते. अन्नातली प्रथिनं ओळखायचा प्रयोग होता. डाळीच्या पाण्यात कॉस्टिक सोडा घालायचा, मग मोरचुदाच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. प्रथिनं असली की जांभळा रंग येतो. मी मुलींना बजावलं, "कच्ची डाळ भिजवून, वाटून आणा."

दुसऱ्या दिवशी डबे उघडले, तर सगळ्यांत फोडणी दिलेलं पिवळंधमक वरण! मी कपाळाला हात लावला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "माय म्हने, मॅडमले कच्ची दाय कशी देवो?"

तास वाया जाऊ नये म्हणून तेच वरण परीक्षानळीत घेतलं. सोडा पडताच ते लालभडक झालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि लिहूनही टाकलं, प्रथिनांचा रंग लाल. "अगं, सोड्यानं ती हळद लाल झाली!" मी ओरडून सांगत राहिले, पण तोवर घंटा झाली होती.

शेवटी मी राहायचे त्या पिंप्राळ्याच्या खोलीवर मीच डाळ भिजवली, वाटली आणि एसटीत मांडीवर बाटली सांभाळत शाळेत नेली. या वेळी सुरेख जांभळा रंग आला. मी मोठ्या आशेनं विचारलं, "काय कळलं?"

एक मुलगी उभी राहिली आणि काळजीनं म्हणाली, "मॅडम, म्हनजे आमना घरनी दायमा प्रथिनं नई शेतस?"

मी परीक्षानळी खाली ठेवली आणि पुन्हा हळदीपासून सुरुवात केली.