मावशीच्या पाळण्यांचं कव्हर

नांदेडच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करतो. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली असं सगळंच येतं, पण अलीकडे गाण्यांच्या कव्हरचं काम वाढलंय. ज्याच्याकडे मोबाइल आहे तो गाणं टाकतो आणि गाण्याला चेहरा लागतो. आमच्याकडे गाणं ऐकून कव्हर करायची पद्धत नाही. गिऱ्हाईक नुसता प्रकार सांगतं. डीजेचं असेल तर गायकाला काळा गॉगल, मागे जाळ, आणि जागा उरली तर सिंह. भजन असेल तर डोक्यामागे किरणं. भीमगीताला गडद निळा रंग, उगवता सूर्य आणि वर उचललेला हात. लोकगीत म्हटलं की हिरवंगार शेत, मग गायकानं जन्मात खुरपं धरलेलं नसलं तरी चालतं. एकदा मुदखेडच्या एका भजनी बुवांच्या मागे आमच्या दुसऱ्या डिझायनरकडून किरणांऐवजी जाळ पडला. बुवा खूश. म्हणाले, "राहू द्या. लई तेज आल्यासारखं दिसून राहिलंय."

माझी मावशी जळकोटकडे सरकारी दवाखान्यात नर्स होती. बाळंतिणींच्या वॉर्डात रडणाऱ्या लेकरांना ती पाळणे म्हणून निजवायची. निवृत्त होऊन मुखेडच्या पुढे आपल्या गावी आली, तर तिथंही बौद्ध वस्तीत कुणाचं बारसं असलं की पाळण्याला तिलाच बोलावणं. तिच्या लातूरच्या मुलानं, म्हणजे माझ्या मावसभावानं, हे पाळणे नांदेडच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतले. कव्हर अर्थातच माझ्याकडे आलं.

"काय टाकू गं?" मी मावशीला विचारलं.

"लुगड्याची झोळी टाक लिंबाला बांधलेली. माझा फोटो नसला तरी चालंल. लेकरू काय फोटो बघून झोपतं का?"

मी तसं केलं. फिकट निळं आभाळ, कडुलिंब, झोळी. मला ते आवडलं होतं. ते दाखवायला मी गावी गेलो, तर ओसरीवर काका, म्हणजे मावशीचे यजमान, मावसभाऊ आणि काकांचे मित्र वाट बघत बसलेले.

"हे लसीकरणाची जाहिरात वाटायलंय," मावसभाऊ म्हणाला.

"निळा असा फिका न्हाई चालत," काका म्हणाले. "आणि गाणारी कुठं हाय?"

मग मावशीचा फोटो शोधायला सुरुवात झाली. सगळ्यांना पटला तो निवृत्तीच्या कार्यक्रमातला, ती हार घालून, हात जोडून, हसत उभी आहे असा. मग रंग गडद झाला. मग काका म्हणाले, निर्माता म्हणून आपला फोटो पाहिजे. मग ढोलकीवाला, स्टुडिओवाला आणि काकांचे ओसरीवरचे सगळे मित्र शुभेच्छुक म्हणून खाली गोलगोल चौकटींत येऊन बसले. झोळी शुभेच्छुकांच्या मागे गेली. अल्बमचं नाव काकांनी ठरवलं, 'सगळ्यांची माय'. मावशी आत भाकरी थापत होती, तिला कुणी विचारलं नाही. मीही गिऱ्हाईक सांगेल तसं करायच्या सवयीनं करत गेलो.

त्या कव्हरसह पाळणे गाण्यांच्या ॲपवर चढले, पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच कव्हरचा मोठा फ्लेक्स त्यांनी माझ्याकडून करून घेतला, आणि मी तो घेऊन गावी गेलो तेव्हा एसटी थांब्यावर लावला.

सरपंचपद तेव्हा नुकतंच महिलेसाठी राखीव झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या दारात एक बाई घागर घेऊन उभी.

"बाई, आमच्या गल्लीच्या नळाचं तेवढं बघा. मत तुम्हालाच हाय."

मावशीला वाटलं, बाईला ताप चढलाय. तिनं आधी तिची नाडी बघितली. तिच्यामागून घरकुलासाठी एक म्हातारा आला, मग गटाराची तक्रार आली. दुपारी तर गावात ज्याच्या बायकोची उमेदवारी पक्की मानली जात होती, तो पुढारी स्वतः पेढे घेऊन आला.

"बाई, आधी बोलायचं होतं ना आमच्याशी," तो म्हणाला.

"मी गाणं म्हणून राहिले बाबा, पाळणे हायत ते."

"हाव, म्हंजे परचाराचं गाणं बी तयार झालं."

मी मोबाइलवर एक पाळणा लावून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत नीट ऐकला, मान डोलावली आणि हळूच विचारलं, "यात चिन्ह कोणतं हाय? पाळणाच का?"

मावशी नाही म्हणाली की लोकांना वाटायचं, अजून नक्की सांगायचं नसेल. पुढाऱ्यानं धसका घेऊन त्या गल्लीचा नळ दुरुस्त करून दिला. मावशीला याचा राग यावा की आनंद व्हावा, ते कळेना. काकांना मात्र कळत होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसायला लागले.

आचारसंहिता लागली तेव्हा पंचायतीचा एक माणूस आला आणि त्यानं फ्लेक्सवरच्या मावशीच्या तोंडावर वर्तमानपत्र चिकटवलं. शुभेच्छुकांची तोंडं तशीच ठेवली. ते उमेदवार नव्हते. मग मावशीनं काकांना फ्लेक्स उतरवायला लावला, आणि मला म्हणाली, "मोबाइलवरचं बी काढ. माझी मी परत रेकॉर्ड करीन, कव्हर नसलं तरी."

"कव्हर नसलं तर ॲप घेत नाही मावशी."

"मग त्याला सांग, लेकरं झोपलीत."

अर्ज भरायची मुदत गेली तेव्हाच मावशी उभी राहत नाही याची लोकांना खात्री पटली. पुढाऱ्याची बायको सरपंच झाली. पुढं तिच्या नातवाच्या बारशाला मावशीला आमंत्रण आलं आणि मीही सोबत गेलो. दारात विजयाचा फ्लेक्स अजून होता. त्यावर पुढारी कमरेपासून वर एवढा मोठा, आणि सरपंचबाई कोपऱ्यात, बोटभर.

मावशीनं पाळणा म्हटला. लेकरू दुसऱ्याच कडव्याला झोपलं. नंतर चहा देताना सरपंचबाई मावशीजवळ बसली. नवरा बाहेर आहे हे बघून घेतलं आणि म्हणाली, "बाई, थांब्यावरचा तुमचा फोटो लई मोठा होता. मी रोज येता-जाता बघायची. कोणाकडून करून घेतला होता?"

मावशीनं माझ्याकडे बोट दाखवलं.