पाच अंगठ्यांचा संदर्भ

दाऊद सर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, शबानाने, केला तेव्हा मी संगणकासमोर बसून इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात कुणाच्या तरी लेखावर 'संदर्भ नाही' असा शेरा मारत होते. महिना उलटला, तरी राग गेलेला नाही. मृत्यूवर नाही, सरांचं वय झालं होतं, आजारी होते. राग माझ्यावर आहे, आणि जे नियम मीच त्यांना शिकवले त्यांच्यावर.

पनवेलच्या एकाच शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. निवृत्तीनंतर, घरोघरी डोंगल आले त्या सुमारास, ते दर रविवारी खांदा कॉलनीत माझ्याकडे येऊ लागले, हातात दोनशे पानी वही घेऊन. त्यांना ज्ञानकोशात एकच लेख लिहायचा होता. आपटा गावाच्या वरच्या डोंगरातली कातकरी वाडी, उंबरपाणी. शाळेबाहेरच्या मुलांची पाहणी करायला ते पूर्वी तिथे गेले होते आणि मग जातच राहिले. दिवाळीनंतर वाडीतली माणसं वीटभट्ट्यांवर जातात, मोजायला येणाऱ्याला दारं बंद दिसतात, आणि तो 'वस्ती नाही' असं लिहून मोकळा होतो. त्यामुळे वाडी कुठल्याच कागदावर नव्हती. मी त्यांना शिकवलं, ऐकीव माहिती चालत नाही, प्रत्येक वाक्याला छापील आधार हवा. लेखामागच्या चर्चापानावर चार नागमोडी रेघा टाकल्या की आपली सही आपोआप उमटते, याचं त्यांना भारी कौतुक. तरी वर 'स. न. वि. वि.' लिहायचेच. मी हसायचे.

छापील आधार कुठून आणणार? दोन आठवड्यांनी सर चक्क पंचनामा घेऊन आले. आयुष्यभर सरकारी कागद हाताळलेला माणूस... पाच जणांनी सांगितलं आणि खाली अंगठे उठवले, म्हणजे गोष्ट शाबीत झाली, हा त्यांचा विश्वास. वाडी कशी वसली, पाणी कुठून आणतात, भट्टीवर कोण कोण दगावलं, सगळं त्यात होतं. त्या पाचांतल्या सोमीआजीने त्यांना विचारलं होतं, ह्याच्यात लिहिल्यावर नळ येईल का. सरांनी खरं तेच सांगितलं, नाही येणार. त्यावर ती म्हणाली, "मग येवढं तरी लिवा, आमी हितं हाय."

सरांनी तो कागद स्कॅन करून लेखाला संदर्भ म्हणून जोडला. त्याच दुपारी लेख वगळण्याची सूचना लावली गेली, आणि ती लावली मी... ओळखीच्या माणसाला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून. काय ती माझी अक्कल! आठवड्याभरात लेख गेला. एका नटाच्या कुत्र्यावरचा लेख मात्र राहिला, कारण कुत्र्याच्या वाढदिवसाची बातमी पेपरात आली होती.

सर भांडले नाहीत. चहा संपवून म्हणाले, "बाई, कायदा तुमचा बरोबर आहे. पण तुम्ही पेपरात लिहिता, तर तुम्हीच छापा ना एकदा. मग तर संदर्भ होईल? माझ्या हयातीत झालं तर मेहेरबानी." मी त्यांना हितसंबंधांचा नियम ऐकवला. आपणच छापायचं आणि आपणच आधार म्हणून दाखवायचं, हे बसत नाही म्हटलं. त्यांनी तो नियमही वहीत उतरवून घेतला. पुढेही येत राहिले, इतरांच्या लेखांतल्या चुका काढत राहिले, पण उंबरपाणीचं नाव पुन्हा काढलं नाही. मला वाटलं, चला, नियम शिकले. हे लिहिताना आज शरम वाटते.

ती वही शबानाने मला आणून दिली. मधल्या पानांत पंचनाम्याची मूळ प्रत घडी करून ठेवलेली आहे, अंगठ्यांची शाई अजून निळी आहे. तर आता पेपरातल्या माझ्या या जागेत छापते आहे. उंबरपाणी, आपट्याच्या वरचा डोंगर, एकोणीस घरं. दारं बंद दिसली तरी वस्ती आहे. सांगणारे सोमी वाघमारे, बुधी पवार, चांगू वाघमारे, मंगळ्या हिलम, लहू मुकणे. पाचांपैकी तिघं आता नाहीत, लिहून घेणारे सरही नाहीत. उद्या कुणी हे ज्ञानकोशात घालेल, आणि कुणी नियम दाखवून काढायला येईल. त्याने जरूर यावं. ते सगळे नियम मला पाठ आहेत, आणि आता गाठ माझ्याशी आहे.