भिंतीला गाल लावणारा धुळा

अंजनाबाईंनी धुळाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो गावचे बडे बागायतदार लालासाहेब यांच्या नव्या सोप्याच्या भिंतीला गाल लावून उभा होता. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवरून सरपटत होतं. खांद्यावर काळी घोंगडी, हातात थापी आणि एक डोळा घट्ट मिटलेला. बाई शाळेला निघाल्या होत्या. त्यांना वाटलं, हा भिंतीपलीकडचं बोलणं चोरून ऐकतोय. पण पलीकडे माणूसच नव्हतं, नुसता उसाचा फड होता. धुळा वीतभर पुढं सरकला आणि त्यानं पुन्हा गाल टेकला. असं करत करत तो सबंध भिंत चालून गेला, मग मागं येऊन एका जागी बोटानं खूण केली आणि तिथं थापी फिरवली.

बाई त्या दिवशी शाळेत उशिरा पोचल्या. नोकरी लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

हे त्रेचाळीस सालचं. रहिमतपुरापासून दोन कोसांवरचं गाव. अंजनाबाई मुलींच्या शाळेच्या एकट्या शिक्षिका. तिशीच्या, बोलायला हळू आणि बघायला पक्क्या. एखादी गोष्ट अर्धी बघून सोडणं त्यांना जमत नसे. शाळा म्हणजे लालासाहेबांनी दिलेली गुळाची जुनी वखार. ढेपा जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी पावसाळ्यात भिंतींना गोड वास यायचा आणि पाट्यांवर मुंग्या चढायच्या.

दसऱ्याच्या आधी दिपोटी साहेब, म्हणजे शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला आले होते. शाळा तिसरीपर्यंत होती, आणि बाईंनी चौथीचा वर्ग मागितला होता. साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता. चौथीला स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र फळा दिसला तर वर्ग मंजूर करतो, पौषात पुन्हा येतो, असं सांगून तो गेला. जागा होती, फळा नव्हता. रहिमतपूरच्या सुतारानं हात वर केले. लढाईच्या दिवसांत चांगलं लाकूड मिळत नव्हतं आणि मिळालं तरी सरकारी कामाला जात होतं. चौथी झाली नाही तर तिसरी पास झालेल्या अकरा मुलींना ओढ्यापलीकडच्या मुलांच्या शाळेत जावं लागणार, म्हणजे त्या घरी बसणार. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

म्हणून बाईंनी धुळाला विचारलं, भिंतीवरच फळा करता येईल का? गिलाव्याचा, काळा?

धुळा आटपाडीच्या पलीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. एका दुष्काळात मेंढरांचं खांड निम्मं मेलं, उरलेलं विकलं आणि तो सांगलीला चुन्याच्या घाण्यावर रेडा हाकायला लागला. तिथं आप्पासो नावाचा एक म्हातारा गवंडी होता. रेडा गोल फिरायचा आणि धुळाची नजर म्हाताऱ्याच्या हातावर फिरायची. वर्षानं म्हाताऱ्यानं त्याच्या हातात थापी दिली. पण घोंगडी काही त्यानं खांद्यावरून उतरवली नाही. काम करतानाही ती अंगावर असे, आणि त्यावरून गावोगावी त्याची थट्टा होई. लालासाहेब तर त्याला म्हणत, भिंत जरा सरळ उभी धर गड्या, न्हाईतर तुझी मेंढरं वर चढतील. धुळा हसायचा आणि काम चालू ठेवायचा.

फळ्याचं ऐकून त्यानं वखारीची भिंत बघितली, नखानं ठोकली आणि कबूल झाला. काळा गिलावा त्यानं कधी केला नव्हता, तसं त्यानं सांगूनही टाकलं.

काम दिवाळीनंतर सुरू झालं आणि बाईंचे प्रश्नही. मधल्या सुट्टीत त्या येऊन उभ्या राहायच्या. हे काय, ते कशाला, आधी हे आणि मग ते असं का. धुळाला आयुष्यात कोणी इतकं विचारलं नव्हतं. पहिले दोन दिवस तो बुजला, तिसऱ्या दिवसापासून खुलला. सिमेंट लष्कराकडे चाललेलं, म्हणून काम चुन्याचंच होतं. मुरवलेल्या चुन्यात तो बारीक चाळलेली वाळू घाले आणि गुळाचं पाणी. गुळानं चुना धरून ठेवतो, असं त्याचं म्हणणं. तिसरीच्या मुलींनी टोपल्यात बोट घालून चव बघितली आणि दिवसभर थुंकत बसल्या.

त्याच्याकडे तीन थाप्या होत्या. एक रुंद, जड, चुना भिंतीवर फेकायची. एक लहान, पानासारखी, कोपऱ्यांसाठी. तिसरी लांबट, पातळ, कडा झिजून गोल झालेली. तिला तो फडक्यात गुंडाळून ठेवी. बाईंना वाटलं, जुनी झाली म्हणून टाकायला ठेवलीय. धुळानं उलट सांगितलं. नव्या थापीचे कोपरे टोकदार असतात, ती भिंतीला ओरखडे पाडते. नवी आणली की महिनाभर दगडावर घासायची, जाड कामाला वापरायची, तिची खोड जिरली की मग शेवटच्या हाताला घ्यायची. विकत घेताना तो सांगलीच्या बाजारात दोन थाप्यांच्या कडा एकमेकींना लावून उजेडाकडे धरी. मधून उजेड दिसला तर दोन्हींतली एक वाकडी. मग पातं अंगठ्यानं दाबून बघायचं. मधे किंचित लवलं पाहिजे. अजिबात लवत नसेल तर ती चुना ओढून काढते, फार लवली तर भिंतीवर लाटा उठवते. शेवटी मूठ आणि पात्याच्या मधे बोट धरून ती तोलायची. बाईंनी तिन्ही थाप्या स्वतः बोटावर तोलून बघितल्या. लांबट थापी खरोखरच बोटावर स्थिर राहिली.

"आणि गाल?" बाईंनी एकदाचं विचारलं. "भिंतीला गाल कशाला लावता, धुळाभाऊ?"

धुळा लाजला. "दोन कामं व्हत्यात बाई. डोळा भितीला टेकला का उंचवटा दिसतो, सरळ बघून दिसत न्हाई. आन् गालाला गार लागलं तर वल हाय. हाताचं कातडं आमचं मेलेलं, चुन्यानं खाल्लेलं. त्याला काय कळत न्हाई. गाल अजून शाबूत हाय."

ओल किती राहिली हे कळणं महत्त्वाचं, हेही त्यानं समजावलं. लवकर थापी फिरवली तर चुना तिला चिकटून येतो. उशीर केला तर तो घट्ट होतो, आणि मग कितीही दाबा, चमक येत नाही. मधली घटकाभर वेळ खरी.

शेवटचा पातळ थर त्यानं कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि दिव्यांची काजळी घालून केला. काजळी मुलींनी घरोघरून गोळा करून आणली होती. त्यावर लांबट थापी फिरली आणि मग गुळगुळीत गोटा. दोन दिवस तो फळा घोटत होता. पंधरा दिवसांनी, भिंत वाळल्यावर, नारळ फोडायला लालासाहेब आले. फळा इतका काळा आणि गुळगुळीत झाला होता की समोरच्या दाराची चौकट त्यात दिसत होती.

बाईंनी खडू घेतला आणि "श्री" काढायला हात टेकवला. खडू घसरला. त्यांनी जोर दिला. गोगलगाय चालून गेल्यासारखी एक फिकट रेघ उमटली आणि खडूचा तुकडा मोडून खाली पडला.

लालासाहेब म्हणाले, "गड्या, तू आरसा केलास. पोरींनी ह्याच्यात बघून येण्या घालाव्यात का?"

मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत, कारण त्यांनी धुळाचा चेहरा बघितला होता. तो पुढं आला आणि त्यानं फळ्यावर तळहात ठेवला. माझ्या हातनं आजवर इतकं चांगलं काम झालं न्हवतं, एवढंच तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. उभा जन्म त्यानं भिंत गुळगुळीत करण्यात घालवला, आणि इथं गुळगुळीतपणानंच काम बिघडलं होतं.

पौष लागायला महिना उरला होता. धुळानं लालासाहेबांचं काम बाजूला ठेवलं. वखारीच्या मागं तीन विटा मांडून त्यानं त्यांवर निरनिराळे हात करून बघितले. एका विटेवर नुसता लाकडी रंधा, म्हणजे गवंड्याची मुठीची सपाट फळी, फिरवला. तिच्यावर रेघ उमटली, पण कानशीवर घासल्यासारखा खडूचा भुगा झाला. दुसरीवर थापी अर्धवट फिरवली. तिथं अक्षर कुठं उठे, कुठं नाही. तिसरीवर ओल्या चुन्याला गोणपाट दाबलं तर विणीचे चौकोन उठले. बाई येऊन प्रत्येक विटेवर "क" काढायच्या आणि मान हलवायच्या.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई त्या काळ्या आरशासमोर एकट्याच बसल्या. त्यांना एक शंका आली होती. सगळा फळा एकसारखाच नकार देतो का, की कुठं कमी, कुठं जास्त? त्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. बोटभर अंतरावर एक बारीक रेघ, पुढं सरकून दुसरी, ओळ संपली की खालची ओळ. मुलींच्या वह्या तपासाव्यात तसं. रेघा घसरत होत्या. गुडघ्यावर येऊन त्या अगदी खालच्या उजव्या कोपऱ्यात पोचल्या आणि तिथं खडू थांबला. स्वच्छ पांढरी रेघ उमटली. शेजारी दुसरी, तीही उमटली. तळहाताएवढी जागा होती ती. उजेडाकडून बघितलं तर तेवढाच तुकडा चमकत नव्हता.

त्यांनी धुळाला बोलावून आणलं.

"इथं तुम्ही काय केलंत?"

धुळा खाली बसला. जागा बघून त्याचे कान लाल झाले. त्यानं कबुली दिली. गाल लावायला वाकला होता तेव्हा घोंगडीचं टोक ओल्या भिंतीवर घासलं. त्याला ते दिसलं होतं. पण दिवस कलला होता, जागा अगदी खाली होती आणि पुढं मेज येणार होतं, म्हणून त्यानं तसंच राहू दिलं. असलं काम आपण आजवर कधी ठेवलं नव्हतं, असंही त्यानं सांगितलं.

"म्हणजे घोंगडी," बाई म्हणाल्या.

धुळानं खांद्यावरची घोंगडी हातात घेतली. तिच्यावरून अंगठा फिरवला, मग भिंतीवरच्या त्या जागेवरून. परत घोंगडीवरून. बराच वेळ तो एवढंच करत राहिला.

घोंगडी त्याच्या बायकोच्या, तानुबाईच्या हातची. म्हणजे विणली सणगरानं, पण लोकर तिनं कातलेली, त्यांच्या शेवटच्या मेंढरांची. ती कापायची तर तिला विचारणं भाग होतं. गावाबाहेरच्या खोपटाशी बाई त्याच्याबरोबर गेल्या. काय सांगितलं जातंय ते तानुबाईनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"एवढी साळंची मास्तरीण माझ्या घोंगडीसाठी दारात आली," ती म्हणाली. "काप जा. तुझ्या खांद्यावर कुजण्यापरीस पोरींच्या कामाला यील."

धुळानं एक कोपरा कापला, लाकडी रंध्यावर ताणून सुतळीनं बांधला. गुळगुळीत फळ्यावर त्यानं स्वतःच छिन्नीनं टाचे पाडले, नवा थर धरावा म्हणून. ते करताना त्यानं बाईंना बाहेर जायला सांगितलं. आत ठकठक चालली होती, आणि बाई ओसरीवर तिसरीच्या मुलींना पाढे म्हणायला लावून बसल्या.

नवा पातळ थर चढला. लांबट थापीनं तो सपाट केला, पण घोटला नाही. मग धुळा भिंतीला गाल लावून थांबला. या वेळी घोंगडी त्यानं मुद्दाम बाहेर ठेवली होती. गार लागत होतं तोवर थांबला. एकदा म्हणाला, अजून न्हाई. पुन्हा एकदा म्हणाला, अजून न्हाई. मग उठला, रंधा पाण्यात बुडवून झटकला आणि हलक्या हातानं, गोल गोल, लोकर भिंतीवरून फिरवत गेला. चमक विझत गेली. तिच्या जागी बारीक, एकसारखा कण उठला, कांबळ्यासारखा मऊ दिसणारा. सगळा फळा तसा झाल्यावर त्यानं खालच्या उजव्या कोपऱ्यावर एक हात जास्तीचा फिरवला.

दिपोटी साहेब पौषाच्या दुसऱ्या आठवड्यात आले. त्यांनी फळ्याला हात लावला, मग खडू मागून एक व्यवहारी अपूर्णांक घातला आणि एका मुलीला सोडवायला सांगितलं. मागच्या भिंतीशी बसलेल्या मुलीलाही आकडे दिसत होते, हे त्यांनी तिला वाचायला लावून पडताळलं. फळा कोणी केला, असंही विचारलं. बाईंनी नाव सांगितलं. धुळा तेव्हा लालासाहेबांच्या परसात हौद बांधत होता. बोलावणं गेलं तर हात चुन्याचे आहेत म्हणून आला नाही.

चौथी मंजूर झाली. अकरापैकी नऊ मुली वर्गात बसल्या. दोघींची लग्नं ठरली होती.

साहेबांनी तो फळा आणखी कुठं कुठं सांगितला असावा. पुढच्या वर्षी इस्लामपूरकडून बोलावणं आलं, मग कोरेगावकडून. प्रत्येक ठिकाणी धुळा आधी भिंतीला गाल लावायचा, आणि लोक विचारायचे, काय ऐकतोय? तो म्हणायचा, मास्तरीणबाईंना इचारा.

आता एकोणपन्नास साल चालू आहे. धुळा आणि तानुबाई विट्याला असतात. त्या बाजूला हल्ली दक्षिण सातारा म्हणतात. तानुबाईनं चार शेळ्या पाळल्या आहेत. धुळाच्या पिशवीत तीन थाप्या असतात, लांबट फडक्यात गुंडाळलेली, आणि एक लोकरीचा रंधा. त्यावरची लोकर मधे एकदा बदलावी लागली, म्हणून त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीला आता दोनच कोपरे आहेत.